भिमाक्काच्या चौदा पायऱ्या

फार वर्षांपूर्वी, कुरुंदगडाच्या भिंतींचा चुना अजून ओला होता, तेव्हाची ही गोष्ट. गडावर सगळं होतं. बुरूज होते, धान्याची कोठारं होती, मिशीला पीळ देणारा किल्लेदार होता. फक्त पाणी नव्हतं. ते पायथ्याच्या वाडीतल्या बायका रोज डोक्यावर घागरी घेऊन वर न्यायच्या. वेठ होती ती, नाही म्हणायची सोय नव्हती.

वाडीत भिमाक्का नावाची वडारीण राहायची. गडाची वाट तिने आणि तिच्या बापाने फोडली होती. शेवटच्या कड्यातल्या चौदा पायऱ्या तर तिच्याच हातच्या. त्याच पायऱ्यांवरून एके दिवशी तिची लेक नागू भरल्या घागरीसकट दरीत गेली. भिमाक्काने तेरा दिवस सुतक पाळलं. चौदाव्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन किल्लेदारापुढे उभी राहिली.

"वर पानी काढून देते," ती म्हणाली. "पन मग बायांच्या डोईवरची घागर कायमची उतराय पायजे."

किल्लेदार हसून कबूल झाला. त्याच्या कारागिरांनी सात टाकी खोदली होती आणि सातही कोरडी होती. हसायला त्याचं काय जात होतं?

चैत्राच्या उन्हात भिमाक्का गडभर हिंडली. एका भिंतीवर तिला कुंभारीण माशी घर बांधताना दिसली, तेही ओल्या मातीचं. कातळ तव्यासारखा तापलाय, मग हिला चिखल कुठे मिळतो? ती माशीच्या मागे मागे गेली. माशी एका बोटभर फटीत शिरली. भिमाक्काने तिथेच छिन्नी लावली. वर्षभर तिचा ठोका खाली वाडीत ऐकू यायचा, आणि बाई अजून थकली नाही हे सगळ्यांना कळायचं. असं म्हणतात, की शेवटच्या ठोक्याला कातळाने श्वास सोडला आणि पाणी तिच्या गळ्यापर्यंत चढलं.

किल्लेदार पोटभर प्यायला. मग म्हणाला, झरा आज आहे, उद्याचं कुणी पाहिलंय? वेठ चालू राहू दे. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

भिमाक्का भांडली नाही. ती कड्याशी आली आणि आपल्याच हातच्या वरच्या पायरीवर तिने घण घातला. असं म्हणतात, एका घावाला एक पायरी गेली. शिपाई धावून येईपर्यंत चौदाही दरीत पडल्या होत्या आणि ती कड्याखाली उभी होती. कातळात उरल्या नुसत्या खोबण्या, हातपाय रोवण्यापुरत्या.

"आता चढा म्हनावं," ती म्हणाली. "पन दोन्ही हात मोकळे ठिवून."

वेठ त्या दिवशी संपली.

पुढे गडही पडला. किल्लेदाराचं नाव आज कुणाला सांगता येत नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. भिमाक्काचं टाकं मात्र भर वैशाखात भरलेलं असतं. मध्यंतरी कुणीतरी कड्याला लोखंडी शिडी बसवून द्यायला निघालं होतं, वाडीने नको म्हटलं. दर चैत्रात गावात आलेल्या नव्या सुना खोबण्या धरून वर जातात. पहिली ओंजळ नागूची म्हणून कड्यावरून खाली सोडतात, दुसरी आपण पितात. भांडं कुणीच नेत नाही.