झाकलेली गावे

एकदा एका वृद्ध गुरुजींनी आपल्या वाचनवर्गातील सगळी पुस्तके स्वतःच्या हाताने विद्रूप केली. कथा-कादंबऱ्या नव्हत्या त्या. कुठे धरण का फुटले, कुठले जंगल कसे गेले, कोणत्या गावाचे पाणी कसे नासले, अशा घडलेल्या गोष्टींची ती पुस्तके. गुरुजींनी त्यांतील प्रत्येक गावाच्या नावावर खळीने कागदाची पट्टी चिकटवली आणि पुस्तके नववी-दहावीच्या मुलांना वाटून टाकली. म्हातारपणी माणसाचे काही सांगता येत नाही, असे गाव म्हणाले.

वैजयंता, घरची वैजू, हिच्या वाट्याला पाण्यावरचे पुस्तक आले. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला याच विषयावर बोलायचे होते आणि पहिला नंबर सोडायचा नव्हता. ती तणतणत गुरुजींकडे आली.

“गुरुजी, गावाचं नावच सांगितलं नाही तर परीक्षक मार्क कापतील की.”

“कापू देत. आधी वाच तर.”

आता पंधराव्या वर्षी मुलांना झाकलेले तेवढेच दिसते, हे पालकांना मी सांगायला नको. वैजूला चैन पडेना. हे गाव कुठले? तिने पट्टीखाली नख घालून पाहिले. पान फाटू लागले तेव्हा नाद सोडला. मग खुणा जुळवणे आले. खडकाळ जमीन. विहिरी सोडून लोकांनी खोल बोअर घेतलेले. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. ‘आमच्या मातीचाच गुण’ म्हणून सगळे निवांत; आया मात्र पोरांचे दात राखेने घासून काढतात.

इथे वैजूचे वाचन अडले. तिची आई रोज सकाळी हेच करी आणि डाग जाईनात म्हणून तिला आळशी म्हणे. पुढे लिहिले होते, की हा डाग वरून बसतच नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात हिरडीत घडत असतानाच तो आत शिरतो, आणि असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडेही आखडतात. वैजूने मान वर केली. नुकता रांगू लागलेला तिचा धाकटा भाऊ आईच्या मांडीवर होता आणि आई त्याला वाटी-चमच्याने बोअरचे पाणी पाजत होती.

ती पुस्तक घेऊन गुरुजींकडे धावत सुटली.

“कळलं मला. हे आपलंच गाव आहे. म्हणूनच तुम्ही नाव झाकलंत.”

गुरुजींनी बोट ओले करून पट्टी अलगद सोडवली. खालचे नाव दुसऱ्याच राज्यातील होते. वैजूने ते कधी ऐकलेही नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

“पण गुरुजी, सगळं जुळतंय की हो. मग आपल्या पाण्यात काय आहे?”

“मला ठाऊक नाही,” गुरुजी म्हणाले. “मीसुद्धा इतकी वर्षं मातीचाच गुण म्हणत आलो. पण वैजू, हे नाव आधी दिसलं असतं तर तू काय केलं असतंस? पाठ केलं असतंस. त्या गावाची कीव केली असतीस, टाळ्या घेतल्या असत्यास आणि घरी येऊन हेच पाणी प्यायली असतीस. बाळा, दुसऱ्या गावाचं दुःख वाचायचं ते आपल्या घरातही एकदा डोकावून बघण्यासाठी. आता तुला प्रश्न पडलाय ना? पाणी तपासणारी प्रयोगशाळा तालुक्यालाच आहे.”

स्पर्धेच्या दिवशी वैजू एका बाटलीत बोअरचे आणि एकीत जुन्या विहिरीचे पाणी घेऊन एसटीत बसली. प्रयोगशाळेत रांग होती. ती सभागृहात पोहोचली तोवर तिचे नाव पुकारून झाले होते. तिला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू.

काही दिवसांनी अहवाल आला. बोअरचे पाणी पिण्याजोगे नव्हते. विहिरीचे उकळून चालण्यासारखे होते. आईने वैजूची हनुवटी धरून तिचे दात पाहिले.

“रक्त येईस्तोवर घासले गं मी तुझे दात,” ती म्हणाली, “आणि वर तुलाच बोलत राहिले.”

वैजूने तिला रडू दिले. तिचे स्वतःचे डाग आता जाणार नव्हते. बाळाच्या वाटीत मात्र त्या संध्याकाळपासून विहिरीचे उकळलेले पाणी आले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली ती उभीच राहिली.

“बस,” गुरुजी म्हणाले. “नवं पुस्तक काढून ठेवलंय तुझ्यासाठी.”

“ते नंतर, गुरुजी. अंगणवाडीतली पोरं अजून बोअरचंच पाणी पितायत. सरपंचकाकूंकडे जायचंय. तुम्ही येताय ना?”

गुरुजींनी पुस्तक बाजूला ठेवले आणि चपला पायात सरकवल्या.