कलमाची पट्टी

कोकणातल्या एका गावी एक वृद्ध गुरुजी राहत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आंब्याची रोपवाटिका केली होती. सकाळी ते कलमे बांधत आणि दुपारी येईल त्याला वृत्ते शिकवत. त्यांच्या शिष्यांत चाळिशी ओलांडलेली एक बाई होती. तिने एक मुलगी दत्तक घेतली होती. मुलगी सात वर्षांची असताना आईने तिला सगळे सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि खेळायला निघून गेली. आता ती सतरा वर्षांची झाली होती. मधल्या दहा वर्षांत तिने त्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. आईला ती शांतता सोसत नव्हती.

म्हणून तिने एक मध्ययुगीन कथा नव्याने काव्यात मांडायला घेतली. शत्रूच्या मोडलेल्या छावणीत सापडलेले तान्हे मूल किल्लेदाराच्या बायकोने वाढवले. ते मोठे झाले आणि एक दिवस त्याच्याच रक्ताची माणसे गडाला वेढा घालून बसली, अशी ती कथा. रोपवाटिकेत येऊन-जाऊन तिला रूपक सुचले ते कलमाचे. आई म्हणजे जमिनीत रुजलेला खुंट, मूल म्हणजे त्यावर बांधलेली परक्या झाडाची काडी. बासष्ट कडवी तिने या एका रूपकावर तोलली. रविवारी लेकीला वाचून दाखवायचे. मग तरी ती काही बोलेल, एवढीच आशा.

आधी तिने ते गुरुजींना वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर उठले, ओळीतले एक कलम उचलून आणले आणि तिच्या हाती पाते दिले.

“काप ती पट्टी.”

काडी खुंटाला जोडली होती तिथे प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती.

“अहो गुरुजी, निखळेल ना! किती छान फुटलंय.”

“फुटलंय म्हणूनच. काप.”

तिने जीव मुठीत धरून कापली. काडी जागची हलली नाही. मग गुरुजींनी कुंपणाजवळचे दुसरे कलम दाखवले. त्याची पट्टी सालीत खोल रुतली होती आणि नेमके तिथेच ते वाऱ्याने मोडले होते.

“हे माझ्याकडून सोडायचं राहिलं,” गुरुजी म्हणाले. “पट्टी वाईट नसते. तिच्यावाचून दोन साली एकमेकींना धरत नाहीत. तुझं रूपक तसंच. परकं मूल आपलं कसं होतं, ते मला त्यानेच पटवलं. विसाव्या कडव्यापर्यंत जीव जडला होता माझा. पण पुढेही तू गुंडाळतच राहिलीस. मुलगा घोड्यावर बसला तरी काडी, तापाने फणफणला तरी काडी. काडी कधी रुसते का गं? तिला काही विचारावंसं वाटतं का? बासष्ट कडव्यांत हा एकदा तरी तोंड उघडतो?”

तिने वही चाळली. “नाही. पण जुन्या कथेतही तो गप्पच आहे.”

“जुन्या कथेचं राहू दे. तुला कोणाचं ऐकायचंय?”

“बोलला तर काय बोलेल, याची भीती वाटते, गुरुजी.”

“वाटणारच. आई आहेस.” गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “जा आता. आणि पातं ठेव इथे. मागे कात्री नेलीस, ती अजून आलेली नाही.”

तीन दिवस ती लिहीत होती. एकविसाव्या कडव्यापासून कलम गेले आणि तिथे एक मुलगा आला. तो भाकरीवर जास्तीचे तूप मागू लागला, रुसू लागला, खोटे बोलून पकडला जाऊ लागला.

रविवारी लेक ओट्याशी वाटाणे सोलत होती. आई वाचत होती. गडाला वेढा पडला, आणि त्या रात्री मुलाने किल्लेदाराच्या बायकोला विचारले, “आईसाहेब, तुम्ही मला उचललंत, तेव्हा मी रडत होतो का?”

लेकीचे हात थांबले.

“आणि मी?” तिने मान वर न करताच विचारले. “मी रडत होते का गं?”

आईने वही मिटली.

“नाही. तू गाढ झोपली होतीस,” ती म्हणाली. “रडत मी होते.”