खापऱ्यांचा दिवस

समुद्राच्या काठी मातीच्या भांड्यांचं एक नगर होतं आणि त्या नगराला राजा नव्हता. पूर्वी एका तांब्याच्या हंड्याने झऱ्यावर ठाण मांडून सगळ्यांच्या घशाला कोरड पाडली होती. त्याला हुसकून लावल्यावर भांड्यांनी कानाला खडा लावला, की यापुढे कोणी कोणाच्या डोक्यावर बसायचं नाही. तेव्हापासून वर्षातून एकदा चौकात खापऱ्यांचा दिवस भरे. त्या वर्षी जी भांडी फुटून गेली असतील त्यांच्या खापऱ्या टोपलीतून वाटल्या जात. जो फार मोठा होत चालला आहे असं वाटेल, त्याचं नाव प्रत्येकाने आपल्या खापरीवर लिहायचं. ज्याच्या नावाच्या खापऱ्या सगळ्यांत जास्त, त्याने दहा वर्षं वेशीबाहेर राहायचं. त्याच्यावर आळ येत नसे, झऱ्यावरचा त्याचा वाटाही राखून ठेवला जाई. गेलेल्यांच्या अंगावर जित्यांची नावं लिहायची ही रीत परक्यांना चमत्कारिक वाटे, पण नगराला तिचा कोण अभिमान!

पणती वेशीच्या आत, रांजणाच्या पायथ्याशी राहत असे. हा रांजण म्हणजे नगरातला सर्वांत थोराड जीव. उन्हाळ्यात झरा आटला की सगळं नगर त्याच्या पोटातल्या गार पाण्यावर तगून राही. पणतीचं त्याच्याशी वैर नव्हतं. तक्रार इतकीच होती की त्याच्या सावलीमुळे तिचा उजेड रस्त्यापलीकडे पोचत नसे. एका वर्षी तिने ज्योतीची काजळी घेऊन खापरीवर त्याचं नाव लिहिलं. ‘माझ्या एका खापरीने काय आभाळ कोसळणार आहे?’ ती मनाशी म्हणाली. ‘बाकीचे थोडेच त्यांना जाऊ देतील!’

सुरईला पाणी घेताना त्याच्यापुढे मान वाकवावी लागे, ते तिला सलत होतं. गाडग्याला त्याने एकदा दुसऱ्याच गाडग्याच्या नावाने हाक मारली होती. ज्याचं त्याचं असंच काहीतरी बारीकसं दुखणं होतं आणि बाकीचे थोडेच त्याला जाऊ देतील, असंच ज्याला त्याला वाटत होतं. मापट्याने खापऱ्या मोजून निकाल सांगितला तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. रांजणाने निकाल ऐकला, तहानलेल्यांना एकदा पाणी दिलं आणि तो पलीकडच्या टेकाडावर राहायला गेला. वेशीपाशी त्याच्या बुडाचा गोल खळगा तेवढा उरला.

पहिल्या संध्याकाळी पणतीचा उजेड थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडला. ती हरखून गेली. दुसऱ्या संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला आणि ती विझली. तिसऱ्या संध्याकाळीही तेच झालं. त्या सावलीच्या पाठीवर इतकी वर्षं वारा येऊन आदळत होता, हे तेव्हा तिला कळलं आणि ती मनापासून रडली. एकदा भेटून खरं काय ते त्याला सांगायचं, एवढाच ध्यास तिला लागला.

तिसऱ्या वर्षी समुद्र चढला. नगराच्या बंधाऱ्याला भगदाड पडलं. घागर धावत टेकाडावर गेली आणि रांजणाला घेऊन आली. वेशीपाशी येताच तो थांबला.

“अजून सात वर्षं उरलीत,” तो म्हणाला. “सभेने बोलावलं तर आत येतो.”

सभा बसली. नगरातली भांडी बोलायला लागली की कोणाला आटोपत नसत. सुरईने कायद्यातला शब्द न् शब्द म्हणून दाखवला. दहा वर्षं म्हणजे उन्हाळे मोजायचे की पावसाळे, असा प्रश्न गाडग्याने काढला. बाजूने बोलून झालं, विरुद्ध बोलून झालं, विरुद्ध बोलणाऱ्याचं बोलणं किती सुरेख होतं यावरही बोलून झालं. समुद्र काही कोणाचं ऐकून घेत नव्हता.

तेवढ्या वेळात पणती सरकत सरकत वेशीबाहेर आली. वारा होताच. रांजण तिच्या आणि वाऱ्याच्या मध्ये उभा राहिला.

“रांजणबाबा, तुमचं नाव मीही लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे. काजळीने दुसरं कोण लिहितं?”

“मग तुम्हाला राग नाही आला?”

“वाईट वाटलं, पोरी. पण खापरी तुझ्या हातात दिली होती ती लिहायलाच ना? कोणाचं लिहायचं ते मी सांगायला लागलो असतो, तर माझ्यात आणि त्या हंड्यात फरक काय राहिला असता?”

आतून होकाराचा पुकारा झाला. तोवर भगदाड दारापेक्षा रुंद झालं होतं. दगड टाकावा तो वाहून जाई. रांजण झऱ्यावर गेला, काठोकाठ भरला आणि त्या भाराने भगदाडात जाऊन बसला. त्याच्या पाठीआड घागरीने सगळ्यांना हाताशी धरून बंधारा बांधून काढला. शेवटचा दगड बसला आणि पुढच्या लाटेला रांजण फुटला. पाणी बंधाऱ्यापलीकडेच अडलं.

पुढे खापऱ्यांचा दिवस आला. चौकात कुजबुज चालू होती की घागर अलीकडे फारच पुढे पुढे करते, जो तो तिचंच नाव घेतो. टोपली फिरली. त्या वर्षी नगरात रांजणाखेरीज दुसरं कोणीच फुटलं नव्हतं. त्याने फुटू दिलं नव्हतं. पणतीच्या वाट्याला एक जाडसर, बाकदार खापरी आली. आतल्या बाजूने ती अजून गार होती.

पणती बराच वेळ ती धरून बसली. मग चौक ओलांडून वेशीपाशी गेली आणि ती खापरी तिने त्या गोल खळग्यात उभी केली.

चौकात मापटं रिकाम्या जागेपुढे मोजायला बसून होतं. पणतीने मागे वळून पाहिलं, तर वेशीपर्यंत रांग लागली होती. सगळ्यांत पुढे गाडगं होतं. आपल्या खापरीची कड तिच्या खापरीला कुठे जुळते, ते फिरवून फिरवून बघत होतं.