बुवांनी आळं मोडलं

एकदा एक माणूस कोरड्या मुलखातून घाटाखालच्या मठात शिकायला आला. भिवा त्याचं नाव. वय तिशीच्या पुढचं, म्हणजे कळता माणूस. अंगावरचे कपडे सोडले तर त्याच्याजवळ काय होतं, तर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक गावठी गुलाब. आई वारली, गावचं घर मिटलं, तेव्हा परसातलं तेवढं झाड तो मुळाच्या मातीसकट उचलून निघाला होता.

मठातल्या वृद्ध गुरूंना सगळे बुवा म्हणत. बुवांनी बागेतल्या गुलाबांशेजारी जागा दाखवली. म्हणाले, "इथं लाव. ते रुजलं की तूही रुजशील."

भिवानं झाड लावलं आणि भोवती खोल आळं केलं. काठ हातानं असा थापला की थेंब बाहेर जायचा नाही. त्याचंही बरोबरच होतं. त्याच्या मुलखात पाऊस म्हणजे वाट चुकलेला पाहुणा. त्याची आई लांबच्या विहिरीवरून कमरेवर कळशी आणायची, तेव्हा कुठं गुलाबाच्या वाट्याला पाणी यायचं. म्हणून वाहून जाणारं पाणी दिसलं की भिवा आधी ते अडवायला धावायचा.

पण घाटाखालचा पाऊस निराळा. मृगाला येऊन बसला की गौरी-गणपतीपर्यंत उठायचं नाव घेत नाही. बुवांनी आपल्या गुलाबांची आळी आधीच मोडून बुंध्याला मातीची भर दिली होती. भिवानं मात्र आपलं आळं राखलं. काठ ढासळला की भर पावसात जाऊन पुन्हा थापायचा. त्याच्या आळ्यात सदा आभाळ दिसायचं.

श्रावणात जरा उघडीप पडली आणि झाडाची पानं पिवळी होऊन गळायला लागली. भिवाच्या मुलखात पिवळं पान म्हणजे तहान. तो कळशी भरून निघाला. मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या अंबूताई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"कुठं रे निघालास?"

"गुलाबाला पाणी घालायला."

"अरे, माझी लाकडं पेटत नाहीत, लुगडं सुकत नाही, जोत्यावर शेवाळ चढलंय, आणि तुझं झाड तेवढं तहानेलं? त्याला घोंगडी पांघर त्यापेक्षा."

भिवा हसला नाही. त्यानं पाणी घातलंच.

पुढं फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली यायला लागल्या. भिवाला जेवण जाईना. शेवटी तो बुवांपुढं जाऊन बसला. "बुवा, माझ्या आईचं एवढंच उरलंय. हे गेलं, तर ती मला पुन्हा एकदा गेली."

बुवा उठले. कुदळ घेऊन थेट झाडापाशी गेले आणि उताराकडचा काठ त्यांनी फोडला. साठलेलं पाणी भसकन बाहेर पडलं. एवढ्यावर न थांबता ते मुळांवरची मातीही उकरू लागले. भिवानं पुढं होऊन कुदळीचा दांडा धरला.

"गुरू आहात म्हणून हात जोडतो. पण माझ्या आईनं कमरेवर पाणी वाहून हे जगवलंय. तुम्ही पाणी गटारात सोडताय."

बुवांना राग आला नाही. कुदळ त्याच्या हातात सोडून ते तिथंच दगडावर टेकले.

"आई पाणी कसं घालायची, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? रोज संध्याकाळी घालायची."

"कळशी आणली की ओतायची?"

भिवा हो म्हणायला गेला आणि अडखळला. म्हणाला, "नाही. आधी मातीत बोट घालायची. कधी म्हणायची, आज ओल आहे. मग ते पाणी शेळीला ठेवायची. मला राग यायचा. एवढ्या लांबून आणलंय झाडासाठी, आणि पिणार शेळी."

बुवा म्हणाले, "बाबा रे, कळशी लांबून दिसते. बोट जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तू आईचं ओतणं तेवढं बरोबर आणलंस, तिचं चाचपणं तिकडंच राहिलं. मुळांना पाणी लागतं तसा वाराही लागतो. तुमच्याकडं पाण्याचा दुष्काळ, इथं वाऱ्याचा. तुझ्या झाडाची मुळं पावसाळाभर बुडालीत. ती माउली इथं असती, तर मी कुदळ उचलायच्या आत तिनं आळं मोडलं असतं. थोरांनी केलं ते आपण करतो, त्यात प्रेम असतं. पण कशासाठी केलं हे पाहिलं नाही, तर तेच प्रेम झाडाच्या गळ्याशी येतं."

भिवा गुडघ्यावर बसला. चिखलात बोट घातलं. आंबूस वास आला. बराच वेळ त्यानं बोट काढलं नाही. मग उरलेला काठ त्यानं स्वतः फोडला, कुजकी मुळं कापली. कापलेल्या मुळांना लावायला अंबूताईंनी सूपभर राख आणून दिली. म्हणाल्या, "घे. भांडी घासू उद्या मातीनं."

झाड लगेच सावरलं नाही. निम्म्या फांद्या गेल्या, त्या बुवांनी कापल्या. भिवा रोज जाऊन बघायचा आणि हात मागं बांधून परत यायचा. जगतंय का जातंय, कुणालाच सांगता येत नव्हतं.

नवरात्र झालं. पाऊस गेला, वारा कोरडा झाला. एका सकाळी अंबूताईंना दिसलं, भिवा झाडाभोवती पुन्हा आळं करत होता. बुंध्याशी एक तांबूस कोंब वर आला होता.

"अरे, मोडलं होतंस ना? बुवांना विचारलंस?"

"नाही. माती कोरडी लागली हाताला."

बुवा बागेतच फुलं काढत होते. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

अंबूताई जरा जवळ आल्या. "तुझी आई एवढं उथळ आळं करायची?"

भिवा काठ थापता थापता थांबला. "नाही. तिचं खोल असायचं," तो म्हणाला. "इथं असती तर एवढंच केलं असतं."