हजार किलोमीटर, चाळीसच्या आत

"किती पळंल, चाचा?"

नूरचाचा शिकलगार पिस्टन रॉकेलमध्ये बुडवून धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठवर?" एवढंच म्हणाले.

धैर्यशीलला नेमका ह्याचाच राग यायचा. सरळ विचारावं आणि म्हाताऱ्यानं सरळ सांगावं, असं कधी घडलंय का? चार वर्षं त्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ह्याच गॅरेजात, चाचांच्या हाताखाली काढली होती. पाना कसा धरायचा इथपासून, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाची खरखर कशी ऐकायची इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं होतं. पण आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत त्याचं नाव घेतलं जायचं, पोरं त्याला मास्तर म्हणायची.

"कुठवर न्हाई चाचा, किती. एकशे चाळीस पाहिजे."

चाचा पिस्टन पुसत राहिले...

गाडी धैर्यशीलची नव्हती. जुनी टू-स्ट्रोक, त्याच्या वडिलांची, विश्वासराव इंगवल्यांची.

विश्वासराव एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-गगनबावडा, सव्वीस वर्षं. आता माणूस सहा दिवस जो रस्ता तुडवतो, त्याच्याकडं सातव्या दिवशी ढुंकूनही बघणार नाही. हा गडी मात्र सुट्टीच्या दिवशी आंघोळ उरकली की गाडीला किक मारायचा आणि परत त्याच रस्त्यानं गगनबावड्याला. लोक हसायचे. विश्वासराव म्हणायचे, बसमध्ये वळण नुसतं सरतं, गाडीवर ते कमरेला कळतं.

काटा कधी चाळीसच्या वर गेला नाही. लहानपणी ते धैर्यशीलला टाकीवर बसवून न्यायचे. सायकलवालासुद्धा मागं टाकून जातोय का काय, अशी त्या पोराला लाज वाटायची. मोठा झाला तसं त्याचं मत पक्कं झालं, आपला बाप भित्रा आहे.

गेल्या वर्षी विश्वासरावांना लकवा मारला. डावी बाजू गेली, बोलणं घशातच अडकायला लागलं. उजवा हात तेवढा चालायचा. आता डॉक्टरांनीही हात टेकले होते. फार तर महिना, असं त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

तेव्हापासून धैर्यशीलच्या डोक्यात एकच घोळत होतं. पंधरा दिवसांनी शर्यत होती. बापाच्याच गाडीवर ती मारायची आणि कप नेऊन त्यांच्या उशाशी ठेवायचा. जायच्या आधी आबांना, म्हणजे वडिलांना, एकदा हसलेलं बघायचं. त्याच्या मनात खोट नव्हती हो, हे आधीच सांगितलेलं बरं.

चाचांनी सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला, इंजिन बांधलं. मग ॲक्सिलरेटरच्या तारेला लाकडाचा एक गुटका अडकवला. मूठ कितीही पिळली तरी तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं जाऊ नये आणि नवा पिस्टन घासत घासत हळू जागेवर बसावा, म्हणून. नव्या बोअरच्या प्रत्येक गाडीला ते असा गुटका घालायचे आणि हजार किलोमीटर झाल्यावर स्वतःच्या हातानं काढायचे. त्याआधी कुणी काढला, तर त्या गाडीला पुन्हा हात लावायचे नाहीत.

"हजार किलोमीटर," चाचा म्हणाले. "चाळीसच्या आत. गगनबावड्याच्या रस्त्यानं. फोन हितं फळीवर ठिवून जायचं."

"बरं."

"परत आलास की आधी आबांपाशी बसायचं. मग माझ्याकडं."

"त्यांच्यापाशी बसून काय करू?"

"काय दिसलं ते सांगायचं."

धैर्यशीलनं मान हलवली. मनात म्हणाला, म्हाताऱ्याचा पेच ढिला झाला.

जाऊन येऊन एकशे दहा किलोमीटर. म्हणजे नऊ फेऱ्या. उसाच्या ट्रॅक्टरांमागून धूळ खात, बैलगाडीच्या चालीनं! आणि इकडं सायलेन्सर बदलायचा होता, कार्बोरेटर मोठा बसवायचा होता. एवढा वेळ होता कुणाला?

त्यानं गाडी सरळ आपल्या दुकानात नेली, शटर अर्धं ओढलं. पुढच्या चाकातून मीटरची केबल काढली आणि तिचं टोक ड्रिल मशीनमध्ये धरलं. बटण दाबलं, की काटा शंभरावर. आकडे भराभरा फिरायला लागले. इंजिनही स्टँडवर पंखा लावून रोज चालू ठेवलं, तेवढ्यानं पिस्टन बसेल असा त्याचा हिशेब. फोन मात्र रोज सकाळी इमानदारीत चाचांच्या फळीवर ठेवून यायचा. फोन परत न्यायला आला की चाचा विचारायचे, आबांना सांगितलंस? हा म्हणायचा, सांगितलं. रोज दोन फेऱ्या मारतो, असंही वर ठोकून द्यायचा. घरी पोचेपर्यंत आबांचा डोळा लागलेला असायचा.

पाचव्या दिवशी दुपारी त्यानं गाडी गॅरेजच्या दारात उभी केली.

"झाले हजार. काढा गुटका."

चाचांनी मीटरकडं बघितलंसुद्धा नाही. ते गाडीच्या पुढं आले आणि हेडलाइटच्या काचेवरून बोट फिरवलं. काच लखलखीत होती. उसाच्या रस्त्यावर नऊ फेऱ्या, आणि काचेवर एक चिलट नाही, धुळीचा कण नाही.

त्यांनी ते स्वच्छ बोट धैर्यशीलसमोर धरलं... मग हात पुसला आणि टोपी घातली.

"चल. आबांकडं जाऊ."

वाटेत धैर्यशीलला वाटलं, आता आबांसमोर पाणउतारा होणार. होऊ दे, ऐकून घेऊ, आणि मग गुटका आपल्या हातानं काढू.

चाचांनी पाणउतारा केला नाही. त्यांनी खुर्ची बाजूला सारली, पलंगाच्या कडेला बसले आणि आबांचा हात हातात घेतला.

"विश्वासराव, पोरगं तुमच्या रस्त्यानं नऊ फेऱ्या मारून आलंय. आता सांगतंय बघा."

आबांनी डोळे उघडले. किती दिवसांत त्या डोळ्यांत एवढी जाग नव्हती. त्यांनी चाचांच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि गोधडीवर ठेवला. मूठ वळली, जणू हँडल धरलंय. आणि मनगट जरासं पिळलं.

गाडी सुरू झाली होती.

धैर्यशील चाचांकडं बघत होता, चाचा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यानं सुरुवात केली. बालिंग्याचा पूल, म्हणाला. नदीवर धुकं होतं, गार वारा गळ्यात शिरत होता. हे त्याला लहानपणचंच आठवत होतं, टाकीवर बसल्यावरचं.

मनगट आणखी थोडं पिळलं.

मग कळे गावाच्या अलीकडची गुऱ्हाळं. धूर रस्त्यावर आला होता, म्हणाला. काहिलीतल्या रसाचा वास लांबूनच येत होता. आणि आबांच्या ओठांची उजवी कड हलली. डावी हलणं शक्यच नव्हतं. पण ते हसू होतं. आईनं दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

ज्या हसण्यासाठी धैर्यशील एकशे चाळीसच्या मागं लागला होता ते समोर होतं, आणि तो खोटं बोलत होता. पण आता थांबवेना. हसू टिकवायचं होतं, म्हणून त्यानं आबांची सगळ्यात आवडती जागा काढली.

"मग कळ्याच्या पुढचा वड, आबा. तुमचा वड. तिथं गाडी लावली, सावलीत बसलो जरा..."

मनगट थांबलं.

आबा त्याच्याकडं बघत राहिले.

"अरे, तो वड..." आई हळू आवाजात म्हणाली. "रस्ता रुंद करताना पाडला की. चार वर्षं झाली. त्या दिवशी हे जेवले न्हाईत."

आबांचं मनगट उलटं फिरलं. सावकाश, पार शेवटपर्यंत. मूठ उघडली, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

बाहेर आल्यावर धैर्यशील पायरीवर बसला. चाचांनी एक मुस्काटात दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चाचा गाडीपाशी उकिडवे बसले, मीटरची केबल काढली, तिचं वेटोळं केलं आणि खिशात घातलं.

"आता चाळीस कळणार कसं?" धैर्यशीलनं विचारलं.

"कळंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो निघाला. फोन चाचांच्या फळीवर ठेवला.

आभाळ भरलेलं होतं, उजेड कसा तो येईना. बालिंग्याच्या पुलावर धुकं नव्हतंच, नुसता कुबट गारठा होता. खाली एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून वाकळ धूत होती. त्यानं ते मनात नोंदवलं. शाळेत पाठांतर करावं तसं तो पुटपुटत चालला होता. पूल, बाई, वाकळ. गुऱ्हाळात चुलवाणावर डुलक्या काढणारा म्हातारा. उसाच्या गाडीचा एक बैल, शिंगाला तुटका गोंडा.

कळ्याच्या पुढं वडाची जागा आली. रस्त्याच्या कडेला नुसता रुंद बुंधा उरला होता आणि कुणीतरी त्यावर शेणी वाळत घातल्या होत्या. तो उतरला, बुंध्याला हात लावला. आबा त्या दिवशी का जेवले नसतील, ते त्याला तिथं कळलं.

साळवणच्या पुढं वळणं सुरू झाली. गुटक्यामुळं मूठ पुढं जाईना, मग करायचं काय? तो नुसता कलत गेला. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. गाडीखालचा रस्ता मांडीला कळत होता, कमरेला कळत होता. केबलीविना मीटरचा काटा शून्यावरच पडून होता, तिकडं बघायचंच काही नव्हतं. एका लांब वळणात त्याच्या तोंडून हसू फुटलं. एकटाच हसला, मोठ्यानं. शर्यतीत एवढे कप मारले, त्यातल्या एकाही वेळी गाडीवर बसल्या बसल्या हसू आलेलं त्याला आठवेना. शर्यत संपली की तो हसायचा. बाप भित्रा नव्हता, हे कळायला ह्याला पंचवीस वर्षं लागली. काय म्हणावं अशा माणसाला...

गगनबावड्याच्या स्टँडवर चहावाल्यानं आधी गाडी ओळखली, मग ह्याला विचारलं, तुम्ही इंगवले ड्रायव्हरांचे कोण? मुलगा म्हटल्यावर त्यानं फळीवरचा एक जाड काचेचा ग्लास काढून दाखवला.

"आबांना सांगा, ग्लास बाजूलाच ठिवलाय."

धैर्यशीलनं तेही पाठ करून घेतलं. परतीच्या वाटेवर मूठ जास्त पिळावी असं त्याला फार वाटलं. घरी पोचायची घाई पहिल्यांदाच झाली होती. पण गुटका होता, आणि तो काढायला त्याचा हात धजला नाही.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला माणसं दिसली. दारात चपला पडल्या होत्या. बायका आईला धरून बसल्या होत्या, आणि त्याला बघून सगळी बाजूला झाली.

सकाळी नऊ वाजता फळीवरचा फोन वाजला होता. चाचांनी तो उचलला होता.

आबांना खाली घेतलं होतं. उशाशी दिवा होता. चाचा टोपी घालून भिंतीकडेला मांडी घालून बसले होते.

धैर्यशील उंबऱ्यात उभा राहिला. हेल्मेट हातातच होतं, काचेवर चिलटांचा चिकटा आणि रस्त्याची धूळ बसलेली. पाच दिवस आबा घरात जागे होते आणि तो दुकानात ड्रिल धरून बसला होता. आता कितीही रडला तरी त्यातली एक संध्याकाळ परत मिळणार नव्हती.

तो आत आला, आबांच्या उजव्या हाताशी बसला. पाठ केलेलं सगळं घशाशी आलं होतं. बाई, बैल, शेणी, ग्लास.

"आता कुणाला सांगू, चाचा?"

चाचा जरा सरकले. आबांचा उजवा हात त्यांनी चादरीबाहेर काढून ठेवला.

"पुलापास्नं सुरू कर," ते म्हणाले. "सावकाश."