बर्फातले ठसे

त्या पहाटे अँब्रोज लोहाराने अंथरुणातूनच भरधाव टापा ऐकल्या आणि मुकाट्याने कूस बदलली. इंग्लंडात तेव्हा वाटमाऱ्यांचे दिवस होते. जास्त ऐकणाऱ्याचीच मान आधी अडके.

उजाडताच त्या भागाचा अंमलदार, शेरीफ सर गॉडफ्री, रात्रीच्या वाटमाऱ्याला शोधत शिपायांसह दारात हजर झाला, मागे निम्मं गाव. बर्फात घोड्याचे ठसे अँब्रोजच्या भट्टीपासून निघून थेट शेरीफच्या तबेल्यापर्यंत गेले होते. शिपायांनी भट्टी धुंडाळली, पण काहीच सापडलं नाही.

“थेरड्या, वाटमाऱ्याला कुठे लपवलंस?”

“सरकार, ठसे तर तुमच्याकडे गेलेत.”

“मला शिकवतोस? तो बदमाश नाल उलटे ठोकतो! ठसे तुझ्याकडून जाताना दिसतात, म्हणजे तो तुझ्याकडे आलाय. बोल, नाहीतर दुपारी फासावर चढशील.”

अँब्रोज मुळातच सावकाश बोलणारा.

“बरं, सरकार. नाल सुलटे असतील, तर तो तुमच्या तबेल्यात शिरला. उलटे असतील, तर तुमच्याच तबेल्यातून निघाला. मला खुशाल लटकवा; पण माझी भट्टी पाहिलीत, तसा आता गावासमोर तुमचा तबेलाही उघडा.”

शिपायांनी हळूच शेरीफकडे पाहिलं. गावानेही पाहिलं.

सर गॉडफ्रीने हातमोजे चढवले आणि शिपायांना परत फिरायची खूण करून तो चालू लागला.