ओले जव

पूर्वी साकल नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हिमालयाच्या उंच कड्यांत उंदराचा जन्म घेतला. घरात पोती कुरतडणारा उंदीर डोळ्यांपुढे आणू नका. हा पहाडी उंदीर मुठीत मावेल एवढा, अंगावर दाट राखाडी लव, आणि शेपटी मात्र देहाला न शोभेल इतकी लांब. उभा कडा चढताना हीच शेपटी त्याचा तोल सांभाळी. जिथे बकरीही विचारात पडे, तिथे हा झरझर वर जाई. थंडीत तो झोपून राहत नसे. म्हणून उन्हाळाभर गोड कंद आणायचे, उन्हात वाळवायचे, कपारीतल्या कोठारात रचायचे आणि बर्फाचे महिने सगळ्या कुळाने त्यावर काढायचे, असा त्याचा शिरस्ता होता.

पायथ्याच्या गावात उत्तिय नावाचा कंद खणणारा राहत असे. राजवैद्याला औषधासाठी हे कंद लागत, आणि उंदरांची कोठारे हुडकण्यात उत्तियाचा हात धरणारा कोणी नव्हता. गावाची मात्र एक जुनी रीत होती. कोठारातले निम्मे कंद घ्यायचे, तेवढेच जव तिथे ठेवायचे आणि तोंड दगडाने बुजवायचे. उत्तियाने ही रीत कधी मोडली नव्हती, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

एका शरदात ओढा ओलांडताना त्याचा पाय घसरला आणि जवाची गोणी भिजली. जव खडकावर पसरून दिवसभर वाळवायला हवे, हे न कळण्याइतका तो नवखा नव्हता. पण शिखरावर ढग उतरू लागले होते आणि सोबती खाली निघाले होते. त्याने बोधिसत्त्वाचे कोठार उघडले, निम्मे कंद काढले आणि ओले जव आत ओतायला घेतले.

तेवढ्यात आता म्हातारा झालेला तो बोधिसत्त्व उंदीर कडा उतरून त्याच्यासमोर येऊन बसला.

"उत्तिया, हे जव बुरसतील आणि आमचे कंदही नासवतील," तो म्हणाला. "कंद ने, आमची ना नाही. पण जव ठेवू नकोस."

"जव न ठेवता गेलो तर रीत मोडेल," उत्तिय म्हणाला. "गाव मला नावं ठेवील."

त्याने गोणी पालथी केली. जव कंदांच्या फटीफटींतून थेट तळापर्यंत गेले. मग त्याने दगड नीट लावला आणि तो उतरणीला लागला. संध्याकाळच्या आतच बर्फ पडू लागले.

तो हिवाळा उत्तियाला फार जड गेला. चुलीपाशी बसून घास घेताना त्याला ते कोठार आठवे आणि घास तोंडात फिरे. घाट बंद होता, त्यामुळे पश्चात्ताप करण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. गावात मात्र रीतीचा पक्का म्हणून त्याचे कौतुक चालले होते, आणि ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखे होई.

बर्फ वितळताच तो खडखडीत वाळलेले जव पाठीवर घेऊन वर गेला. दगड बाजूला करताच कुबट वास आला. आतून एक हडकुळी उंदरीण बाहेर आली. ती त्या म्हाताऱ्याची नात होती.

उत्तियाने आजोबांची चौकशी केली. तिने सांगितले की कोठाराला बुरशी लागली, तेव्हा आजोबांनी धड राहिलेले कंद वेचून पिलांना दिले आणि स्वतः कुजके खाल्ले. माघात ते गेले. पिले तेवढी वाचली.

"तू मला पाहून पळाली कशी नाहीस?" उत्तियाने विचारले.

"आजोबा सांगून गेलेत," ती म्हणाली. "उत्तिय जव घेऊन येईल, तेव्हा कोणी पळू नका. नाहीतर त्याला क्षमा मागायला कोणीच उरणार नाही."

उत्तिय तिथेच खाली बसला आणि रडला. त्याने क्षमा मागितली आणि तिने ती दिली. पण ज्याच्याकडे मागायची होती, तो आता नव्हता.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा उत्तिय म्हणजे आज नियम पाळल्याच्या समाधानात राहणारा हा भिक्षू पुण्णजित. ती नात म्हणजे भिक्षुणी चंपिका. आणि तो म्हातारा उंदीर मीच होतो. आपले वाटोळे करणाऱ्यालाही परत येता यावे म्हणून झटणे, हीच क्षांती, हीच खरी क्षमाशीलता."

पुण्णजिताने मान खाली घातली, आणि बराच वेळ ती वर केली नाही.